सोमवारची गोळी

इंटर्नशिपचा चौथा महिना. मेडिसिनची ओपीडी, दुपारचा दीड वाजलेला आणि रांग अजून व्हरांड्याच्या टोकापर्यंत. आमवाताच्या एका मावशींना मेथोट्रेक्सेट सुरू करायचं ठरलं. सरांनी सांगितलं, चिठ्ठी मी लिहिली. 'एमटीएक्स ७.५' आणि पुढे इंग्रजी ओ, डब्ल्यू. 'वन्स वीकली', आठवड्यातून एकदा. औषधाच्या दुकानात ते 'ओडी' वाचलं गेलं, म्हणजे रोज एकदा. पाकिटावर १-०-० लिहून मावशींच्या हाती पडलं.

अकराव्या दिवशी त्या परत आल्या. तोंड एवढं आलं होतं की पाणी गिळवत नव्हतं. अंगात ताप, पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली. "एक दिवस बी खाडा केला नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, रक्त, वेगळी खोली. अठरा दिवसांनी त्या घरी गेल्या. याच चुकीने, आठवड्याची गोळी रोज घेतल्याने, अनेक देशांत माणसं दगावलेली आहेत.

हे औषध डायहायड्रोफोलेट रिडक्टेजला कसं अडवतं, हे मी तेव्हा झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. चिठ्ठी कशी लिहायची, हे मात्र माझ्याकडून कुणी करून घेतलं नव्हतं. आज मी स्वतः शिकवतो आणि माझं ठाम मत आहे, की औषध माहीत असणं आणि ते लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम फक्त सरावाने येतं. तोही सही करण्याचा अधिकार मिळण्याआधी, कुणाच्या तरी नजरेखाली झालेला सराव.

२०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात चिठ्ठी लिहिणं हे कौशल्य म्हणून आहे. पण ते बहुतेकदा जर्नलमध्ये उरकतं. जर्नलमधल्या रुग्णाचं वजन केलेलं नसतं, क्रिएटिनिन पाहिलेलं नसतं, आणि तो गावच्या डॉक्टरांकडून आधीच कोट्रायमॉक्साझोल घेऊन आलेला नसतो. मेथोट्रेक्सेटवर ते पडलं तर रक्तपेशींचा घात होतो. म्हणून मी मुलांना खाटेपाशी नेतो. ती केसपेपर वाचून चिठ्ठी लिहितात, मी तपासतो, मगच सही करतो.

माझ्या वॉर्डात मेथोट्रेक्सेटचं नाव पूर्ण, मोठ्या अक्षरांत लिहायचं. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा असं सांगितलं, ते याचसाठी. पुढे मराठीत 'फक्त सोमवारी'. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या वारी. मग मावशींनाच विचारायचं, "गोळी कधी घेणार, सांगा बघू." त्यांच्या तोंडून सोमवार आला, की चिठ्ठी पुरी झाली.

इन्सुलिनचं तर मी सिरिंज हातात देऊनच शिकवतो. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचीही. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं, तर डोस अडीचपट जातो. युनिटसाठी नुसता इंग्रजी यू लिहिला तर तो शून्य वाचला जातो, दहाचे शंभर होतात. मुलांनी हे एकदा स्वतः भरून पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आत्मविश्वासाचं मुलं फार विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये चिठ्ठी लिहिण्यावर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. नेहमी लागणारी मोजकी औषधं स्वतः पारखून निवडा आणि ती पक्की ओळखा, हा तिचा गाभा. मला तो पटतो. ओळखीच्या औषधांवर हात स्थिर राहतो. बाकीच्यांसाठी पुस्तक उघडायचं, फार्मासिस्टला फोन करायचा, रुग्णासमोर सुद्धा. त्या दुपारी 'सर, हे रोज की आठवड्याला, कसं लिहू?' एवढं विचारायला मी कचरलो होतो. रांग मोठी होती, सर घाईत होते.

वॉर्डात शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे. उद्याच्या राउंडला एक चिठ्ठी विद्यार्थ्याला लिहू द्या, आणि सही करण्याआधी ती त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.