पट्टी तू वाच, बाय

मुंबईचं बिऱ्हाड मोडून तुम्ही दोघं बाग बघायला येताय, हे आईकडून कळलं. ये गो, मी अडवत नाही. पण तू मे महिन्यात आंबे खायला यायचीस ती रत्नागिरी वेगळी.

मोहोर आला की मागोमाग तुडतुडे नि फुलकिडे. मळभ आलं की फवारणी. थंडी लांबली तर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळून जाते. औषधाचं बिल तेवढं गळत नाही. दुकानदाराची उधारी, दलालाची उचल, त्यामुळे फळ झाडावर असतानाच निम्मं दुसऱ्याचं झालेलं असतं.

काढणी गडी करतात झेल्याने, निवडायला नि भरायला आपण बायका. देठ मोडला की चीक उडतो, कातडी भाजते. हाताला खोबरेल चोपडूनच बस. फळाच्या आतला साका मात्र कापल्याशिवाय कुणाला कळत नाही. गिऱ्हाईक फोनवर तोंडाला येईल ते बोलतं, ऐकून घ्यायचं.

आता मुद्द्याचं. वाशीहून दलालाची पट्टी येते ती बाप्यांच्या हातात पडते आणि खिशात जाते. ती तू वाच. किती पेट्या, किती डझनी, दर काय लागला, काय काय वजा केलं. पेटी भरतानाच वहीत लिहीत जा, नाहीतर पाच डझनीची चार डझनी कधी झाली ते कळायचं नाही.

दुसरं सातबाऱ्याचं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमची कलमं मुळासकट पाडली. सातबाऱ्यावर अजून आजेसासरे, वारस निम्मे मुंबईत. भरपाईसाठी संमतीपत्रं गोळा करण्यात अख्खा पावसाळा गेला. तुमची जमीन तुझ्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे ना? मग लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर तुझं नाव लावून घे. 1992 पासून सोय आहे. अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो, तेव्हा इकडे यायच्या आधीच गोड बोलून करायला लाव. हंगाम लागला की त्याला जेवायलाही फुरसत मिळायची नाही. सासूबाई बोलतील, बोलू देत.

आणि हे आईला सांगू नको. दादाने हक्कसोडाचा कागद करून ठेवलाय. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत आपला वाटा त्याच्याइतकाच आहे. मी सही केलेली नाही. तू उतरलीस की आधी माझ्याकडे ये, मग त्याच्याकडे जा.