एक ब्रास म्हणजे किती?

बेळगावातील एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात मी काही वर्षे काम केले. तेथे 'ईआरपी' प्रणाली आली तेव्हाचा एक अनुभव भाषेच्या अभ्यासकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो मांडतो. खरेदी, साठा, मजुरांची हजेरी, ठेकेदारांची बिले आणि जमाखर्च यांच्या नोंदी एकत्र ठेवणारी ही संगणक प्रणाली. कोणते काम नफ्यात आहे आणि कोणते तोट्यात, हे दरमहा कळावे हा तिचा हेतू.

बांधकामात हे कळणे सोपे नसते. पैसा खर्च झाला म्हणजे तेवढे काम झालेच, असे होत नाही. म्हणून तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात : आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाचे नियोजित मूल्य, प्रत्यक्ष झालेल्या कामाचे अर्जित मूल्य आणि त्यावर झालेला खर्च. समजा, १०० लाखांच्या अंदाजपत्रकातील ५० लाखांचे काम आजवर व्हायला हवे होते. झाले ४० लाखांचे आणि खर्च आला ४८ लाख. ४० भागिले ५० म्हणजे ०.८, काम मागे पडले आहे. ४० भागिले ४८ म्हणजे सुमारे ०.८३, रुपयामागे ८३ पैशांचेच काम पदरात पडले. असेच चालत राहिले तर एकूण खर्च १२० लाखांवर जाईल.

यांतील अर्जित मूल्य जागेवरच्या मोजणीतून येते. आमची चूक तिथेच झाली. एका इमारतीतील गिलाव्याचे काम मुकादमाने '३० ब्रास' असे सांगितले. वाळू-खडीच्या व्यवहारात एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. गिलाव्याचा ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा, सुमारे ९.२९ चौरस मीटर. प्रणालीत ब्रासला एकच गुणक दिलेला होता, तो वाळूचा. गिलावा सुमारे २७९ चौरस मीटर झालेला असताना नोंद ८५ची झाली. पडद्यावर ते काम तोट्यात दिसू लागले. ठेकेदाराचे बिल एक तृतीयांशाहून कमी निघाले आणि त्या शनिवारी गवंड्यांना पूर्ण मजुरी मिळाली नाही. 'भिंत समोर आहे, मोजून घ्या साहेब,' एवढेच मुकादम म्हणत होता. मी त्याला छापील कागद दाखवत होतो. सोमवारी टेप लावली तेव्हा चूक माझी निघाली. तो गुणक मीच भरला होता.

पुढे आम्ही 'ब्रास (वाळू)' आणि 'ब्रास (गिलावा)' अशी दोन वेगळी परिमाणे केली. प्रत्येक परिमाण नोंदवण्याआधी मुकादम आणि गवंडी यांना विचारून घेण्याचा नियम घातला. बोलताना 'ब्रास' शब्दाचा अर्थ त्यांना कधीच अडला नव्हता. कामावरूनच तो ठरत असे. प्रणालीला तो संदर्भ आम्ही दिलाच नव्हता.

आमच्या सीमाभागात एकाच इमारतीवर मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसे असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले यांचे मापांचे शब्द गोळा करून घ्यावेत. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या कामासाठी वापरतात आणि त्याचे माप किती, हेही लिहून घ्यावे. नुसत्या अर्थाने भागत नाही, हे मी त्या सोमवारी शिकलो.