बॅटरीचा जमाखर्च

तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड
वैशाख शुद्ध पंचमी

चि. भाच्यास,

दुकानदाराने दहा तासांची ग्वाही देऊन गळ्यात मारलेला लॅपटॉप साडेचार तासांतच मान टाकतो, सबब मालात खोट असली पाहिजे, अशी तक्रार तू पत्रातून गुदरली आहेस. परंतु फिर्याद दाखल करण्यापूर्वी दप्तर तपासावे, ही शिस्त तहसील कचेरीत उभी हयात घालवलेल्या तुझ्या मामाच्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे निवाडा देण्याआधी थोडी रुजवात करू.

बॅटरीत तास साठवलेले नसतात, ऊर्जा साठवलेली असते, आणि तिचे माप वॅट-तास हे होय. तू पाठवलेल्या छायाचित्रातील लेबलावर ११.४ व्होल्ट आणि ३६०० मिलिअँपिअर-तास असे आकडे आहेत. दुसऱ्यास हजाराने भागून पहिल्याने गुणले की सुमारे ४१ वॅट-तास येतात, आणि हीच तुझी मूळ शिल्लक. ‘माझ्या मोबाईलची बॅटरी तर ५००० आहे’ हा तुझा युक्तिवाद लटका पडतो तो इथेच, कारण मोबाईलचा व्होल्टेज ३.८५च्या आसपास असल्याने त्या भपकेबाज आकड्याचे जेमतेम १९ वॅट-तास होतात.

आता खर्चाची बाजू पाहा. ४१ला साडेचाराने भागल्यास सरासरी नऊ वॅट निघतात, आणि पडदा पूर्ण उजेडात ठेवून, ब्राउझरची दहा पाने उघडी टाकून, मधूनच व्हिडिओ कॉल करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा खर्च मुळीच अवाजवी नाही. दहा तास हवेत तर चार वॅटांत भागवावे लागेल. जाहिरातीतले तास बहुधा मंद पडद्यावर, हलक्या कामावर मोजलेले असतात, ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही. रात्री तू जे गेम खेळतोस त्यांत चाळीस वॅट सहज जातात, म्हणजे सारी पुंजी तासाभरात फस्त! पडद्याचा उजेड निम्म्यावर आणलास तरी फरक तुझ्या लक्षात येईल.

शिल्लकही कायम राहत नाही. लिथियम-आयन बॅटरी, जी १९९१ साली प्रथम बाजारात आली आणि जिच्या जनकांना २०१९चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती उन्हाने आणि सदैव शंभर टक्के भरून ठेवल्याने लवकर झिजते. आपल्याकडे वैशाखात पत्र्याखाली पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सुट्टीत इकडे आलास म्हणजे गादीवर ठेवून, झरोके बुजवून चार्जिंग करू नकोस. सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लाव, आणि भारनियमनाची किंवा परीक्षेची वर्दी असेल त्या दिवशीच पुरती भर. दर वेळी बॅटरी शून्यापर्यंत उतरवावी, हा निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला रिवाज होता. या बॅटरीला तो अपायकारकच. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावायला तू उगीच संकोचतोस. छताचा जुना पंखा तासाला सुमारे ७५ वॅट-तास खातो, म्हणजे तुझ्या अख्ख्या बॅटरीच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याबद्दल मात्र घरात कोणाची तक्रार ऐकली नाही.

आता तपासणीची तजवीज. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत लिहिलेस की लॅपटॉप स्वतःच अहवाल तयार करतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॅट-तासांत असतात. पहिला कारखान्याचा, दुसरा आजचा. दोन्ही मला कळव. दोहोंत किरकोळ तफावत असली तर दुकानाची पायरी चढू नकोस. पण इतक्या नव्या बॅटरीत दुसरा आकडा पहिल्याच्या तीनचतुर्थांशाखाली गेलेला दिसला, तर वॉरंटीचा कागद आणि अहवालाची प्रत घेऊन खुशाल जा.

तुझा मामा