लघवी पुरी होत नाही तेव्हा

पोट दुखले तर माणूस चारचौघांत सांगतो. लघवीचे दुखणे मात्र तो घरातही सांगत नाही. बायाबापड्या तर तोंडातून शब्द काढीत नाहीत. म्हणून आम्ही हा पाठ मुद्दाम लिहीत आहोत. यात लाजण्यासारखे काही नाही.

आपल्या ओटीपोटात एक पिशवी आहे. तिला मूत्राशय म्हणतात. दोन मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळतात. त्यातून निघालेली लघवी थेंबाथेंबाने या पिशवीत साठते. पिशवीत साधारण अर्धा लिटर लघवी मावते. पिशवीची भिंत मांसाची आहे. पिशवी भरत आली की मज्जातंतू मेंदूला निरोप देतात. आपण लघवीला बसलो की भिंत आवळली जाते, खालचे तोंड उघडते, आणि पिशवी रिकामी होते.

आता समजा, ही भिंत आवळेनाशी झाली. किंवा भरल्याचा निरोपच वर गेला नाही. मग काय होईल? माणूस लघवीला बसतो, पण धार लवकर सुरू होत नाही. सुरू झाली तर बारीक येते, मधेच थांबते. कुंथावे लागते. उठल्यावर वाटते, अजून राहिलीच आहे. हे मूत्राशय मंद झाल्याचे लक्षण असू शकते.

यात एक गंमत आहे. गंमत कसली, फसगतच आहे. पिशवी काठोकाठ भरली की वरची लघवी आपोआप गळू लागते. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतले तर ते बाहेर सांडते, तसेच हे. धोतर, लुगडे ओले होते. माणसाला वाटते, आपल्याला लघवी फार होते. मग तो पाणी पिणे तोडतो. खरे म्हणजे लघवी बाहेर जात नाही, हेच त्याचे दुखणे असते! पाणी तोडल्याने लघवी दाट होते आणि दुखणे वाढते. कोणी म्हणते, उन्हाळी लागली आहे, धन्याचे पाणी प्या. धन्याच्या पाण्याने ढिली पिशवी आवळत नाही.

लघवी पिशवीत तुंबून राहिली की तिच्यात जंतू वाढतात. जळजळ होते, ताप येतो. फार दिवस तुंबली तर मूत्रपिंडेही बिघडू शकतात. म्हणून हे दुखणे अंगावर काढू नये.

हे कशाने होते? मधुमेह हे एक मोठे कारण. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू निकामी होऊ लागतात. झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडून पाठीच्या कण्याला मार बसला, तरी असे होते. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर पिशवी फार ताणली गेली, तरीही होते. सायकलच्या ट्यूबचा पट्टा सारखा ताणून ठेवला तर तो सैल पडतो, तसेच हे. वयानेही भिंतीचा जोर कमी होतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते.

म्हाताऱ्या पुरुषांत आणखी एक गोष्ट असते. पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची गाठ असते. ती वाढली की वाट अरुंद होते आणि धार बारीक होते. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. पण एकात वाट अडलेली असते आणि दुसऱ्यात जोर नसतो. जोरच नसेल, तर वाट मोकळी करूनही पुरेसा गुण येत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेआधी नीट तपासणी करून घ्यावी.

तपासणीची सुरुवात तुम्ही घरीच करू शकता. तुम्हाला आता लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करा. एक मापाचे भांडे घ्या. तीन दिवस दर वेळी लघवी मोजा आणि वहीत लिहा. उदाहरणार्थ, 'सकाळी ६ वाजता, १५० मिलिलिटर. कुंथावे लागले.' किती पाणी प्यालो, कपडा केव्हा ओला झाला, हेही लिहा. तोंडी सांगताना अर्धे विसरते. वही विसरत नाही. डॉक्टरांना ती दाखवा.

डॉक्टर लघवी आणि रक्तातली साखर तपासतात. मग लघवी करून आल्यावर पोटाची सोनोग्राफी करतात. हिच्याने दुखत नाही. आत किती लघवी उरली ते कळते. निरोगी माणसात साधारण ५० मिलिलिटरपेक्षा कमी उरते. जरूर पडली तर मोठ्या रुग्णालयात धारेचा वेग आणि पिशवीतला दाब मोजतात. वाट अडली आहे की जोर नाही, हे दाबाच्या तपासणीनेच नक्की ठरते.

उपाय काय? पिशवीला हमखास जोर आणील असे औषध अजून नाही. कोणी तसे सांगून बाटली विकत असेल तर पैसे जपून ठेवा. पण उपाय आहेत. लागो न लागो, दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. घाई करू नये. एकदा झाल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. मलावरोध होऊ देऊ नये. साखर ताब्यात ठेवावी.

एवढ्याने भागले नाही तर नळीचा उपाय आहे. नळी म्हटले की लोक घाबरतात. येथे नळी कायमची ठेवायची नसते. हात साबणाने धुऊन माणूस स्वतःच बारीक नळी आत सरकवतो, पिशवी रिकामी करतो आणि नळी काढून घेतो. दिवसातून साधारण चार ते सहा वेळा हे करावे लागते. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी ही स्वच्छ हातांची पद्धत पुढे आणली. नळीबरोबर थोडे जंतू गेले तरी चालतील, पण पिशवी तुंबून ताणलेली राहणे जास्त घातक, असे त्यांचे म्हणणे होते. आज ही पद्धत जगभर चालते. बायकांनाही ती जमते. परिचारिकेकडून आधी नीट शिकून घ्यावे. मनाने करू नये.

लघवी अजिबात बंद झाली आणि ओटीपोट फुगून दुखू लागले, तर लगेच रुग्णालय गाठावे. पाठीत कळ येऊन पायांतला जोर गेला, किंवा बसायची जागा बधिर झाली, आणि त्याबरोबर लघवी अडली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.