बंदूक दुरुस्तीचं भांडण

बारामती
रविवार

चि. बाळास,


फोटो मिळाले, व्हिडिओही पाहिला. तो अजून कुणाला पाठवला नसशील तर तुझ्यापाशीच ठेव. हातात बंदूक, तोंडात शिव्या आणि वर दुकानाचं नाव. असा व्हिडिओ बघणाऱ्याला बंदुकीतला दोष दिसत नाही, तू दिसतोस. उद्या कुणी तो इंदापूर ठाण्यात नेऊन दाखवला तर चौकशी तुझ्या परवान्याची लागेल, कारागिराच्या कामाची नाही.

तुझी तक्रार खरी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून मामा त्याचीच बाजू घेतोय असं म्हणशील. दाजींची ती बारा बोअरची डबल बारी आक्काच्या लग्नापासून माझ्या पाहण्यातली. नळ्या मिटल्या की 'टक्' असा एकच आवाज यायचा. तुझ्या व्हिडिओत दोन येतात, एक मिटल्याचा आणि दुसरा हलल्याचा. नळीखालचं लाकूड काढून, दस्ता धरून तू बंदूक हलवलीस तेव्हा नळ्या बिजागरीवर खुळखुळताना दिसतात. उजेडाकडे धरलीस तिथे नळीचं बूड आणि त्यामागची पोलादी भिंत यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ आहे. ही रेघ दिसते तोवर त्या बंदुकीत काडतूस घालायचं नाही. बार उडताना सगळा दाब त्याच जागी येतो आणि तिथून वीतभर मागे तुझा चेहरा असतो. 'एक बार काढून बघू' म्हणणारे मित्र त्या वेळी चार पावलं लांब उभे असतील.

आता काम कसं व्हायला हवं होतं ते ऐक. वालचंदनगरला कारखान्यात फिटरकी करताना दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवायचे असले की आम्ही एकावर निळं लावायचो. दुसरा टेकवून उचलला की निळं जिथे उठलं तिथे टेकतंय, बाकी ठिकाणी नाही, हे कळायचं. मग उंचवटा खरवडायचा आणि पुन्हा निळं. बंदुकीचा जाणता कारागीर हेच काम दिव्याच्या काजळीने करतो. नळ्यांच्या बुडाशी जो हूक असतो तो झिजला की तिथे धातू भरतो, काजळी धरतो, बंदूक मिटतो, उघडतो, काजळी कुठे पुसली ते बघतो आणि तेवढाच कण कानशीने काढतो. किंवा बिजागरीची पिनच नवी, किंचित जाड बनवून घालतो. दोन्ही कामं चिकाटीची. घाईचा मार्ग वेगळा असतो. हुकाच्या कडेवर हातोडी मारून धातू फुगवायचा. बंदूक दुकानात घट्ट वाटते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि थोड्याच बारांत पहिले पाढे पंचावन्न. तुझ्या चौथ्या फोटोत हुकाच्या कडेला ज्या चपट्या खुणा आहेत त्या मला ठोकल्याच्याच वाटतात. पण मी फोटोवरून बोलतोय. बंदुकीच्या दुसऱ्या परवानाधारक कारागिराने ती हातात घेऊन तसं लेखी दिलं तर त्याला वजन.

तुझ्या कारागिराने दिलेला कागदाचा चिटोरा तू फोटोत पाठवलास, त्यावर फक्त फोन नंबर आणि 'शनिवारी' एवढंच आहे. हे 'शनिवारी' कुणी म्हटलं रे? आक्का सांगत होती की लासुर्ण्याच्या लग्नाआधी बंदूक हातात हवी म्हणून तू त्याच्या मागे तगादा लावला होतास. त्याने नाही म्हणायला हवं होतं हे खरंच. जमणार नसेल तर तसं सांगणं हाही कारागिरीचाच भाग. पण समोर बसशील तेव्हा हा शनिवार तो काढणारच, म्हणून मनाची तयारी ठेव. आणि त्या लग्नाचं म्हणशील तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर वरातीत हवेत बेदरकारपणे बार काढण्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बंदूक ढिली आली म्हणून ते टळलं असेल तर त्या ढिलाईचे थोडे उपकारच मान.

तक्रारीतून दस्त्याची चीर काढून टाक. दाजींना विचारलं, ती जुनी आहे. एक खोटी गोष्ट घातलीस की तीन खऱ्या गोष्टी बुडतात. डावा घोडा अर्ध्यावर थांबत नाही, हे आधीही होतं का ते त्यांनाच नीट विचार. जुन्या बंदुकीच्या स्प्रिंगा थकतात, खाच झिजते. ते काम त्याला सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर तो दोष त्याच्या माथी मारू नकोस. बिजागरीचं काम मात्र सांगितलं होतं, त्यासाठीच पैसे ठरले होते आणि तेच झालेलं नाही. भांडण तेवढ्यावरच ठेव.

कारागीर पहिला प्रश्न काडतुसाचा विचारील. जुन्या विलायती बंदुकांची घरं पुष्कळदा 65 मिलिमीटरची असतात आणि आजची काडतुसं सर्रास 70 ची मिळतात. हे माप उडल्यावर उलगडलेल्या पुंगळीचं असतं. त्यामुळे 70 चं काडतूस 65 च्या घरात सहज बसतं, अडत नाही. उडताना मात्र त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. आपल्या पुण्यातच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, बारा बोअरची काडतुसं बनत आली आहेत. डब्यावर माप असतं, ते बघ. दुरुस्तीनंतर जे बार काढलेस त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या फेकल्या नसशील तर पिशवीत घालून ठेव. मापाची काडतुसं होती हे तुझ्या बाजूने पुरावा म्हणून उभं राहील. नसली, तर भांडणाला निघण्याआधीच आपल्याला कळलेलं बरं.

आणि त्या लेथवाल्या मित्राकडून काम करून घ्यायचं मनात आणू नकोस. एमआयडीसीत त्याचा हात चांगला चालतो हे मलाही माहीत आहे. पण शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. त्याच्याकडे तो नाही. मैत्रीखातर त्याने नळीला हात लावला तर तो गोत्यात येईल आणि तूही. शिवाय मधे तिसऱ्या माणसाने एक स्क्रू जरी फिरवला तरी पहिला कारागीर मोकळा झाला. 'माझ्याकडून नीट गेली होती, तुम्हीच उघडली' असं तो म्हणेल आणि त्याला खोडायला तुझ्याकडे काही उरणार नाही.

गेल्या खेपेला बंदूक दुसऱ्याच्या गाडीतून पाठवलीस, तेही यापुढे नको. परवाना नसलेल्या माणसाने दुरुस्तीसाठी बंदूक नेणं कायद्याला मान्य आहे, पण परवानाधारक सोबत असला तर, किंवा त्याने तसं लेखी दिलं असलं तर. त्याच अधिनियमाच्या कलम 3 मध्ये ही सवलत लिहिली आहे. तू एक ओळ लिहून दिली नव्हतीस. रस्त्यात गाडी अडवली असती तर त्या बिचाऱ्या पोराने काय दाखवलं असतं?

ग्राहक आयोगाचं तू लिहिलंस. रस्ता बरोबर आहे, फक्त तो पहिला नाही. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा असा कायदाही नव्हता, तो 1986 ला आला. आता 2019 चा कायदा चालतो. सेवेतली त्रुटी त्यात येते, आणि गिऱ्हाइकाला बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे तो चिटोरा तुझ्याच कामाचा. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. वस्तू तपासावी लागली नाही तर 3 महिन्यांत आणि तपासावी लागली तर 5 महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते आपल्या शेजारच्या बांधाच्या दाव्याने तुला दाखवलंच आहे. म्हणून पत्र आधी.

पत्र लांबवू नकोस. बंदुकीचा क्रमांक लिही. अमुक तारखेला बिजागरीच्या ढिलाईसाठी दिली, अमुक मजुरी ठरली, निम्मी रोख दिली, अमुक तारखेला परत मिळाली. नळ्या आजही हलतात, मिटल्यावर फट दिसते. 'काम पुन्हा नीट करून द्यावे, नाहीतर घेतलेली मजुरी परत करावी. पंधरा दिवसांत कळवावे.' बस्स. नुकसानभरपाई, मनस्ताप, खानदानाची इज्जत यातलं काही घालू नकोस. नव्या बंदुकीची किंमत तर मुळीच मागू नकोस. परवाना रद्द करायला लावीन ही धमकीही नको. त्याच्या परवान्यात खोट असेल तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे सांगायचा वेगळा विषय आहे. पैसे काढण्यासाठी त्याचा चिमटा करणं तुला शोभत नाही. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठव, नक्कल ठेव.

तो बहुधा म्हणेल, 'उरलेले पैसे द्या, बंदूक ठेवून जा, बघतो.' इथे सांभाळ. करार कायदा 1872 चं कलम 170 कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क देतं. कायद्यातच उदाहरण आहे, हिरा पैलू पाडायला दिला आणि काम ठरल्याप्रमाणे झालं तर मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने तो ठेवावा. सगळं अडलंय ते 'ठरल्याप्रमाणे' या अटीवर. काम ठरल्याप्रमाणे झालं की नाही हाच तर आपला वाद. म्हणून या वेळी बंदूक हातातून सोडण्याआधी त्याच्या दुकानाच्या कागदावर, शिक्क्यानिशी, क्रमांक, आजची अवस्था, करायचं काम आणि परत द्यायची तारीख लिहून घे. उरलेली निम्मी मजुरी काम तपासून घेताना द्यायची, हेही त्यातच लिही. तो लिहून देत नसेल तर बंदूक घेऊन सरळ घरी ये, आणि मग आयोगाकडे जाऊ. अर्ज मी बसून लिहून देईन.

तारीख मात्र त्याला ठरवू दे. महिना मागितला तर महिना दे.

माझं मत विचारशील तर तो माणूस लबाड नाही. हातोडी मारणं लबाडाला सुचतंच, पण घाईत सापडलेल्या चांगल्या कारागिरालाही सुचतं. त्याने दाजींच्या बंदुकीचे घोडे मागे एकदा सुरेख बसवले होते, हे तुझ्या जन्माआधीचं. हे काम परवान्याने करणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, पोरं त्या धंद्यात उतरत नाहीत. चूक त्याची आहे आणि ती त्यानेच, आपल्या पदरच्या वेळाने, दुरुस्त करून द्यायला हवी. पण गिऱ्हाइकाने चारचौघांत तोंड काळं केलं तर तो चूक कबूल करणार नाही, वकील गाठेल. एकट्याला बाजूला घेऊन उजेडाची ती रेघ दाखवलीस तर त्याला काही सांगावं लागणार नाही, त्याचे डोळे तुझ्यापेक्षा तयार आहेत.

मित्रांची गाडी भरून जाऊ नकोस. दाजींना घेऊन जा, आणि बोलणं त्यांना सुरू करू दे. मूळ परवाना खिशात ठेव, बंदूक पेटीत बंद करून ने. निघण्याआधी दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या आहेत हे स्वतः बघ, दाजींनाही दाखव. काडतुसं घरीच कुलपात राहू देत.

तुझा,
मामा