प्राण्यांची पात्रे काढायला शिकूया : व्हिडिओ, संदर्भ आणि आपला बैल



मोबाईलवर 'गाय कशी काढायची' असे शोधले की ढीगभर व्हिडिओ मिळतात. पाच मिनिटांत गाय तयार! पण ती बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या डागांची, विलायती असते. तिला वशिंड नसते. तीच गिरवून भंडाऱ्यातल्या मुलाने पोळ्याचे चित्र काढले, की झूल आपली अन् बैल परका, असे होते. मग व्हिडिओ बघूच नयेत का? बघा की! फक्त कोणाकडून काय शिकायचे ते ठरवा.

१) व्हिडिओकडून क्रम शिका. आधी हलक्या रेषेत मोठे आकार, मग पाय-मान यांचे जोड, डोळे-केस शेवटी. हा क्रम कोणत्याही प्राण्याला चालतो.

२) खऱ्या प्राण्याकडून रचना शिका. बैलाचा मागचा पाय नीट बघा. मागे वळलेला सांधा गुडघा वाटतो ना? ती खरे तर टाच आहे! गुडघा वर, पोटाजवळ असतो. भंडारा-गोंदियाच्या तळ्याकाठी दिसणाऱ्या सारसाचेही तसेच. हे एकदा कळले, की बसलेला बैलसुद्धा मनाने काढता येतो. 'बांबी' (१९४२) या कार्टूनपटासाठी डिस्नेच्या चित्रकारांनीही स्टुडिओत आणलेली खरी हरणाची पाडसे बघून सराव केला होता.

३) तान्ह्या पोळ्याच्या नंदीकडून पात्र शिका. लाकडी बैल घडवताना कारागीर काय ठेवतो? वशिंड, शिंगे, मानेचा बाक. बारीकसारीक सगळे गाळतो, तरी लहान लेकरूही त्याला बैलच म्हणते. पात्र म्हणजे हेच : ओळख पटवणारे ठेवायचे, थोडे वाढवायचे, बाकी सोडून द्यायचे. बैल गर्विष्ठ दाखवायचा? मान उंच, छाती पुढे. थकलेला? मान खाली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

लक्षात ठेवा, एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या पेपरला समोर मोबाईल नसतो. तिथे गिरवलेले आठवत नाही, निरखलेले आठवते. आणि मार्कांपेक्षाही मोठी गोष्ट अशी, की आपल्या गोठ्यातले जनावर आपणच काढले नाही, तर ते दुसरे कोण काढणार?

स्वाध्याय :
१. गोठ्यातल्या किंवा शेजारच्या जनावराची दहा झटपट रेखाटने करा. प्रत्येकाला दोन मिनिटे. खोडरबर नको.
२. वही मिटा आणि तेच जनावर आठवून काढा. मग पुन्हा जनावरासमोर जा. काय चुकले तिथे खूण करा.
३. त्याच जनावराला एक स्वभाव द्या : रागीट, आळशी किंवा खोडकर. नाव लिहू नका. मित्राला स्वभाव ओळखू द्या. त्याला ओळखता आला, की तुमचे पात्र जमले!