शंका-समाधान : स्टीफन्स विरुद्ध हिंदू, सामने हवेत की नकोत?

शंका : मुलाला यंदा दिल्लीच्या हिंदू कॉलेजात प्रवेश मिळाला आणि क्रिकेटच्या संघातही निवड झाली. समोरच्या सेंट स्टीफन्सशी सामना म्हणजे युद्धच, असं तो हसत सांगतो. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. पूर्वी म्हणे हाणामारीपर्यंत जायचं. इतकं वैर आहे तर हे सामने बंदच का करत नाहीत?
– एक आई, नोएडा

समाधान : ताई, काळजी वाटणे साहजिक आहे. पण हे वैर शेजाऱ्यांचे आहे. स्टीफन्स 1881 चे, हिंदू 1899 चे. दोन्हींचा जन्म चांदणी चौक परिसरातला आणि आज दोन्ही सुधीर बोस मार्गावर समोरासमोर उभी आहेत. क्रिकेटपटू अरुण लाल आणि कीर्ती आझाद स्टीफन्सचे, गौतम गंभीर हिंदूचे. मुंबईचे पंचरंगी क्रिकेट सामने 1946 मध्ये संपले, ते योग्यच झाले, कारण तिथे संघच धर्मावर पाडलेले होते. इथे कोणी जन्माने स्टीफन्सचा किंवा हिंदूचा नसतो.

बंदीने चुरस मरतही नाही. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल विद्यापीठांच्या 1894 च्या फुटबॉल सामन्यात खेळाडू जबर जखमी झाले, दोन वर्षे सामना थांबला आणि 1897 मध्ये पुन्हा सुरू झाला. एकाच राज्यातल्या टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या विद्यापीठांचा सामना लीग बदलल्यामुळे 2011 नंतर बंद होता. 2024 मध्ये तोही परतला. म्हणून सामने चालू राहावेत, मात्र तटस्थ पंच, प्रेक्षकांसाठी वेगळ्या जागा आणि प्रथमोपचाराची सोय असावी. भीती बाळगायचीच तर भांडणापेक्षा चेंडूची बाळगा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर मुलाने 'काही नाही झालं' म्हटले तरी त्याला लगेच इस्पितळात न्या.

शंका : माझ्या मुलीला लहानपणापासून दमा आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघात ती आहे आणि नेमके नोव्हेंबरात सामने. बाहेर धुरकं इतकं की समोरची इमारत दिसत नाही. 'या सामन्याला मी बसले तर मैत्रिणी काय म्हणतील?' म्हणून ती रडते. मी अडवतोय ते चुकतंय का?
– एक वडील, गुरुग्राम

समाधान : आपले चुकत नाही, आणि तिचे रडणेही खोटे नाही. दिल्लीच्या हवेने मोठमोठे सामने थांबवले आहेत. नोव्हेंबर 2016 मध्ये इथले दोन रणजी सामने धुरक्यामुळे रद्द झाले; डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीच्याच कोटला मैदानावरच्या कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू तोंडावर मास्क लावून उभे होते आणि खेळ थांबवावा लागला.

हवा गुणवत्ता निर्देशांक (हवेतल्या प्रदूषणाचे 0 ते 500 या पट्टीवरचे मोजमाप) 200 च्या वर गेला की दमा असलेल्या मुलीने मैदानी सराव टाळावा. 400 च्या वर तो कुणीच करू नये. दमा म्हणजे फुटबॉल कायमचा बंद, असे मात्र नाही; नीट औषधोपचार असलेले अनेक खेळाडू वरच्या पातळीवर खेळतात. मोसमापूर्वी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, इनहेलर (श्वासावाटे औषध घेण्याचे साधन) कधी घ्यायचे ते लिहून घ्या आणि तो कागद प्रशिक्षकांकडे द्या. सामना खेळणाऱ्या दोन्ही कॉलेजांनी ठरवले तर तो फेब्रुवारीत नेता येतो.

शंका : मी पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो. सामन्याआधी सीनियर्स समोरच्या कॉलेजला आई-बहिणीवरून शिव्या असलेल्या घोषणा द्यायला लावतात. नाही म्हटलं तर 'कॉलेजशी गद्दारी' म्हणतात. मी भित्रा आहे का?
– एक विद्यार्थी, फरिदाबाद

समाधान : अजिबात नाही. आपल्या संघासाठी घसा फोडून ओरडणे वेगळे आणि जबरदस्तीने शिव्या द्यायला लावणे वेगळे. दुसरी गोष्ट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार रॅगिंगमध्ये मोडते. वॉर्डन किंवा रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर समुपदेशकाला जरूर भेटा.

चुरस शिव्यांवर जगत नाही. कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल संघांच्या सामन्यातल्या दंगलीत 16 प्रेक्षकांचा जीव गेला. ऑगस्ट 2024 मध्ये एका तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येनंतर शहर पेटले, ड्युरंड चषकातला या दोघांचा सामना रद्द झाला, तेव्हा त्याच दोन संघांचे पाठीराखे न्यायासाठी एकत्र रस्त्यावर उतरले. तुम्हीही आपल्या कॉलेजसाठी जोरात ओरडा. शिवी मात्र तोंडात घेऊ नका. त्याने तुमची निष्ठा तसूभरही कमी होत नाही.